टोरांटोचं हॉकी हॉल ऑफ फेम : लारिओनोव्हचं बोट धरून अडीच तास

टोरांटोला आलेल्या पाहुण्यांचा सीएन टॉवर आणि नायगारा उरकला की घरातलं कुणीतरी हॉकी हॉल ऑफ फेमचं नाव काढतं, आणि त्यावर ठरलेलं उत्तर येतं : "आपल्याला त्या बर्फावरच्या हॉकीतलं काय कळतं?" शंका रास्त आहे. काहीच ठाऊक नसताना गेलात तर चकचकीत कपाशेजारी फोटो काढून चाळीस मिनिटांत बाहेर याल आणि तिकिटाचे पैसे अंगावर आल्यासारखं वाटेल. मग एका खेळाडूचं बोट धरून आत शिरणं बरं. ग्रेट्स्की, हाऊ, ऑर ही कॅनडाची घरची दैवतं. त्यांच्यासाठी वाट दाखवणाऱ्या पाट्या भरपूर आहेत. इथे वाटाड्या म्हणून घेतला आहे इगोर लारिओनोव्ह. मॉस्कोजवळच्या एका रसायन-कारखान्यांच्या गावातून निघालेला, १७५ सेंटिमीटर उंचीचा हा माणूस सोव्हिएत सैन्याच्या क्लबातून व्हँकुव्हर, स्वित्झर्लंड, सॅन होजे, डेट्रॉइट असा फिरत २००८ साली या इमारतीतल्या काचेच्या फलकावर पोचला. इतक्या विभागांना स्पर्श करणारी कारकीर्द सहसा सापडत नाही.

आधी पोचण्याचं. पत्ता ३० यंग स्ट्रीट, यंग आणि फ्रंट या रस्त्यांचा कोपरा. पण कोपऱ्यावरची नक्षीदार दगडी इमारत बघून तिच्या दाराशी जाऊ नका, आत जायचा रस्ता तिथून नाही. प्रवेश शेजारच्या ब्रुकफील्ड प्लेसच्या खालच्या मजल्यावरून, दुकानांच्या ओळीतून आहे. युनियन स्टेशनवरून 'पाथ' या भुयारी वाटेने आलात तर उघड्यावर पाऊल टाकावं लागत नाही. जानेवारीत उणे पंधरामध्ये आजी-आजोबांना आणायचं असेल तर हे फार महत्त्वाचं. मिसिसागाच्या दक्षिण भागातून येणाऱ्यांना पोर्ट क्रेडिटहून लेकशोअर वेस्टची गो ट्रेन थेट युनियनला आणून सोडते. गाडी आणून पार्किंगला पैसे घालवण्यात अर्थ नाही. दोन वेळा टाळा. एक मार्चमधली शाळांची सुट्टी, तेव्हा आत मुलांचा बाजार भरलेला असतो. दुसरी नोव्हेंबर, नव्या मानकऱ्यांच्या सोहळ्याचा आठवडा. तेव्हा वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका.

आत शिरल्यावर सगळ्यांकडून होणारी चूक म्हणजे क्रमाने जाणं. खालच्या मजल्यावर पडदे आहेत, जुन्या जर्सी आहेत, नेम धरून पक, म्हणजे हॉकीची रबरी चकती, मारायचे खेळ आहेत. तिथे दीड तास जातो, पाय दुखायला लागतात, आणि मुख्य दालनात पोचेपर्यंत माणूस बसायला जागा शोधत असतो. उलटं करा. तिकीट दाखवलं की सरळ वर, ग्रेट हॉलमध्ये जा.

हे दालन म्हणजे बँक ऑफ माँट्रियालची १८८५ सालची शाखा. जिथे एके काळी खातेदार रांग लावत, तिथे रंगीत काचांच्या उंच घुमटाखाली आता चषक मांडले आहेत आणि भिंतीकडेने मानकऱ्यांचे काचेचे फलक : चेहरा, नाव, थोडक्यात माहिती. हॉल १९९३ साली या जागेत आलं. त्याआधी ते शहराच्या पश्चिमेला प्रदर्शनाच्या मैदानात होतं. इमारतीची निवड करणाऱ्याला दाद द्यायला हवी. घुमटातून येणाऱ्या उजेडात चांदी अशी काही दिसते की हॉकीशी देणंघेणं नसलेला माणूसही आवाज खाली आणतो. फोटोच्या दृष्टीने मात्र फलक त्रासदायक आहेत. काचेवर घुमटाचं आणि समोरच्या माणसाचं प्रतिबिंब पडतं. समोरून फ्लॅश मारला तर पांढरा गोळा उमटतो. फ्लॅश बंद करून थोडं तिरकं उभं राहा.

फलकांची गर्दी मोठी आहे, तेव्हा नावं आणि वर्षं कागदावर लिहून न्या. सोव्हिएत धाग्यापुरती यादी अशी : प्रशिक्षक अनातोली तारासोव्ह १९७४, गोलरक्षक व्लादिस्लाव त्रेत्याक १९८९, व्याचेस्लाव फेतिसोव्ह २००१, वालेरी खारलामोव्ह २००५, लारिओनोव्ह २००८, पावेल बुरे २०१२, सेर्गेई फेदोरोव्ह २०१५, सेर्गेई मकारोव्ह २०१६, अलेक्सांद्र याकुशेव्ह २०१८, सेर्गेई झुबोव्ह २०१९, अलेक्सांद्र मोगिल्नी २०२५. यातले त्रेत्याक, खारलामोव्ह आणि याकुशेव्ह एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, एकही सामना खेळले नाहीत, तरी इथे आहेत. हॉल एनएचएलचं नाही, हॉकीचं आहे, असं हॉलवाले सांगतात, ते या तीन फलकांपुरतं तरी खरं. दाराशी चाळणी कडक आहे : निवड समिती १८ जणांची, त्यातली १४ मतं लागतात, आणि एका वर्षात पुरुष खेळाडू जास्तीत जास्त चार.

आता लारिओनोव्हच्या फलकासमोर उभे राहा. इथेच हॉलची खरी उणीव कळते. फलक सांगतो तो पोचलेला माणूस. तो निघाला कसा, हे इतक्या जागेत मावतच नाही. तेवढं आपणच सोबत न्यायचं, म्हणून ते इथे सविस्तर.

जन्म ३ डिसेंबर १९६०, व्होस्क्रेसेन्स्क. गावाच्या क्लबाचं नावच 'खिमिक', म्हणजे रसायनवाला. सैन्याच्या क्लबासारखी ताकद नसलेल्या या संघाने निकोलाय एपश्टाइनच्या हाताखाली डोक्याने खेळायची परंपरा उभी केली होती. वालेरी कामेन्स्की आणि व्याचेस्लाव कोझलोव्ह हे पुढचे दोघेही याच गावचे. १९८१ मध्ये लारिओनोव्हला सैन्याच्या क्लबाने, त्सेस्काने, उचललं. 'उचललं' हाच शब्द योग्य. सोव्हिएत तरुणाला लष्करी सेवा सक्तीची होती आणि त्सेस्का हा सैन्याचाच क्लब. देशभरातून हवा तो खेळाडू भरतीच्या कागदावर ओढून घेता येई. त्याच सप्टेंबरात माँट्रियालला कॅनडा कपच्या अंतिम सामन्यात सोव्हिएत संघाने यजमानांना ८-१ असं धुतलं आणि त्यात दोन गोल या वीस वर्षांच्या पोराचे होते. (त्या विजयाचं शेपूट गंमतीदार आहे. चषक देशाबाहेर न्यायचा नाही म्हणून आयोजक ॲलन ईगलसनने तो सोव्हिएत संघाकडून काढून घेतला. शरमलेल्या विनिपेगकरांनी वर्गणी काढून त्यांना प्रतिकृती करून दिली. हाच ईगलसन १९८९ मध्ये या हॉलचा मानकरी झाला आणि फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर १९९८ मध्ये त्याला ते मानकरीपण सोडावं लागलं. त्याचा फलक शोधू नका.)

त्सेस्कात प्रशिक्षक विक्टर तिखोनोव्हने त्याला व्लादिमीर क्रुतोव्ह आणि मकारोव्ह यांच्या मध्ये उभं केलं. आडनावांच्या पहिल्या अक्षरांवरून तिघांना केएलएम म्हणू लागले. मागे बचावात फेतिसोव्ह आणि अलेक्सेई कसातोनोव्ह. सरावात हिरव्या जर्सी घालायचे म्हणून पाचांचा मिळून 'हिरवा संच'. सारायेव्हो १९८४ आणि कॅलगरी १९८८ अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, शिवाय १९८२, ८३, ८६ आणि ८९ ची विश्वविजेतेपदं, एवढं लारिओनोव्हच्या खात्यात जमा झालं. किंमत अशी की वर्षातले दहा-अकरा महिने आर्खांगेल्स्कोयेच्या छावणीत काढायचे. घर मॉस्कोत, तासाभराच्या अंतरावर, आणि बायकामुलांना भेटायचं तर परवानगी काढून.

तिकडे एनएचएलमध्ये दरवर्षीच्या खेळाडू-वाटपात, म्हणजे ड्राफ्टमध्ये, संघ अगदी शेवटच्या फेऱ्यांत सोव्हिएत नावं घेऊन ठेवत. लॉटरीचं तिकीट घ्यावं तसं : आला तर आला. व्हँकुव्हर कनक्सनी १९८५ मध्ये लारिओनोव्हला अकराव्या फेरीत घेतलं, क्रमांक २१४. जगातल्या पहिल्या दोन-तीन सेंटरमधला (सेंटर म्हणजे आघाडीच्या तिघांतला मधला) खेळाडू २१४ वा, कारण गुणवत्तेचा प्रश्नच नव्हता, पासपोर्टचा होता.

बाहेर पडायच्या वाटा तेव्हा दोन होत्या. एक पळून जाण्याची. मोगिल्नी मे १९८९ मध्ये स्टॉकहोमहून गेला, फेदोरोव्ह जुलै १९९० मध्ये अमेरिकेतल्या दौऱ्यातून. मोगिल्नी सैन्यात अधिकारी, त्यामुळे त्याचं जाणं म्हणजे सरळ सैन्यातून फरारी. दुसरी वाट समोरच्या दाराने, आणि ती जास्त अवघड. लारिओनोव्हने ऑक्टोबर १९८८ मध्ये 'ओगोन्योक' साप्ताहिकात तिखोनोव्हला जाहीर पत्र लिहिलं. छावणीतलं कोंडलेलं आयुष्य, खेळाडूंना गुलामासारखं वागवणं, सगळं नाव घेऊन छापील शब्दांत. गोर्बाचोव्हच्या काळातसुद्धा सैन्याच्या क्लबातल्या खेळाडूने कर्नल हुद्द्याच्या प्रशिक्षकाला असं लिहिणं म्हणजे हातात निखारा घेणं होतं. पाठोपाठ जानेवारी १९८९ मध्ये फेतिसोव्हने वृत्तपत्रातून तिखोनोव्हच्या संघात खेळायला नकार दिला. त्या वर्षी मार्चमध्ये सेर्गेई प्रियाखिनला रीतसर परवानगीने कॅलगरीला जाऊ दिलं. तो कुणी तारा नव्हता, दार किती उघडतं ते बघायला आधी आत ढकललेलं मांजर. उन्हाळ्यात मग मोठी नावं सुटली : लारिओनोव्ह आणि क्रुतोव्ह व्हँकुव्हरला, मकारोव्ह कॅलगरीला, फेतिसोव्ह न्यू जर्सीला.

करारात मेख होती. खेळाडूच्या कमाईतला मोठा वाटा 'सोव्हइंटरस्पोर्ट' या सरकारी संस्थेकडे जायचा. लारिओनोव्ह व्हँकुव्हरला तीन हंगाम खेळला : ४४, ३४ आणि मग ६५ गुण. गुण म्हणजे गोल आणि गोलला दिलेला पास यांची बेरीज, खेळाडूच्या प्रत्येक आकडेवारीत तसंच वाचायचं. कामगिरी चढती असताना १९९२ मध्ये त्याने लीगच सोडली आणि स्वित्झर्लंडला लुगानोकडून एक हंगाम काढला. खेळ सुटला म्हणून गेला नाही. मॉस्कोतल्या त्या संस्थेला आपल्या नावावर आणखी पैसे मिळू द्यायचे नाहीत म्हणून गेला. १९९२-९३ चं जे भगदाड त्याच्या एनएचएल आकड्यांत दिसतं त्याचं कारण हे. आकड्यांच्या तक्त्यात हे कुठे लिहिलेलं नसतं.

परत आला तो सॅन होजे शार्क्सकडे, १९९३ मध्ये. आदल्या हंगामात हा संघ ११ सामने जिंकून ७१ हरला होता. लारिओनोव्ह आणि मकारोव्ह पुन्हा एकत्र आले, सोबत स्वीडनचा गार्पेनलोव्ह. आडनावांच्या शेपटावरून 'ओव्ह' ओळ. संघाने लीगच्या गुणतक्त्यात एका वर्षात ५८ गुणांची उडी मारली (हे सामन्यांच्या निकालांवरून मिळणारे संघाचे गुण), तो विक्रम होता, आणि एप्रिल १९९४ मध्ये आठव्या मानांकनावरून पहिल्या मानांकनाच्या डेट्रॉइटला सात सामन्यांत बाहेर काढलं. हरणाऱ्या बाकावर प्रशिक्षक होता स्कॉटी बोमन. ज्याने मारलं त्यालाच घरी आणावं, हा जुना शहाणपणा बोमनने केला : ऑक्टोबर १९९५ मध्ये रे शेपर्ड हा गोल करणारा फॉरवर्ड देऊन ३४ वर्षांचा लारिओनोव्ह घेतला. डेट्रॉइटमध्ये हा सौदा लोकांना कळेना. २७ ऑक्टोबरला कॅलगरीत बोमनने पाच रशियन एकदम बर्फावर सोडले : फेतिसोव्ह, व्लादिमीर कोन्स्तांतिनोव्ह, लारिओनोव्ह, फेदोरोव्ह, कोझलोव्ह. निकाल ३-०, आणि लोकांना कळलं.

जुनी दृश्यं दाखवणारे पडदे हॉलमध्ये आहेत. या पाचांचं काही लागलं तर नुसता पक बघू नका, तो बघता बघता डोळ्यांतून निसटतो. पकाशिवायचे चौघे काय करतात ते बघा. तेव्हाची एनएचएलची रीत अशी : निळी रेघ, म्हणजे समोरच्या संघाच्या हद्दीची सीमा, ओलांडायला वाट नसेल तर पक खोल आत फेकायचा आणि धावत जाऊन कडेच्या लाकडी भिंतीशी धक्काबुक्की करून मिळवायचा. सोव्हिएत रीत उलटी. वाट नसेल तर पक मागे द्यायचा, पाचही जणांनी वळसा घालून नव्याने यायचं, पण मिळवलेला पक फुकट द्यायचा नाही. युरोपातली रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, तेव्हा ३० मीटर रुंद, एनएचएलची जेमतेम २६. त्या चार मीटरच्या तुटीमुळे वळसा घालायला जागा कमी पडते, विचाराला अर्धा क्षण कमी मिळतो, आणि अंगावर येणारा बचावपटू लवकर पोचतो. लारिओनोव्ह टिकला कारण पक येण्याआधीच पुढचा पास त्याने ठरवलेला असे. 'प्रोफेसर' हे टोपणनाव चष्म्यामुळे आणि बुद्धिबळाच्या नादामुळे पडलं असं सांगतात, पण बर्फावर बघितलं की दुसरं कारण लागत नाही.

एवढी शिदोरी घेऊन आता स्टॅन्ले कपकडे, एनएचएल विजेत्यांच्या चषकाकडे, वळा.

कपाशेजारी उभं राहून फोटो काढता येतो. बहुतेक जण तेवढं करून पुढे सरकतात. तुम्ही वाचा. सुमारे ९० सेंटिमीटर उंच, साडेपंधरा किलोचा हा कप म्हणजे एक वही आहे. खालच्या पिंपासारख्या भागावर पाच पट्टे, प्रत्येक पट्ट्यावर तेरा वर्षांची जागा, आणि जिंकणाऱ्या संघातलं प्रत्येक नाव एकेक अक्षर हातोडीने ठोकून उमटवलेलं. लारिओनोव्हचं नाव तीन ठिकाणी आहे : १९९६-९७, १९९७-९८ आणि २००१-०२, तिन्ही डेट्रॉइट रेड विंग्ज. सोय अशी की तिन्ही वर्षं १९९२ पासून सुरू होणाऱ्या एकाच पट्ट्यावर येतात. अडचण अशी की पट्टा गोल आहे. समोर आलेल्या बाजूला तुमचं वर्ष नसेल तर कपाभोवती फिरून जा. लोक समोरच वाकून शोधत बसतात आणि नाव नाही म्हणून परततात. दुसरा गोंधळ दोन 'स्लावां'चा : फेतिसोव्ह आणि कोझलोव्ह दोघेही व्याचेस्लाव, आणि 'स्लावा' हे त्याचंच लाडकं रूप. आडनाव बघा.

१९९७ च्या यादीशी थांबा. डेट्रॉइटने ४२ वर्षांनी कप जिंकला ७ जूनला. कर्णधार स्टीव्ह आयझरमनने तो पुढे दिला फेतिसोव्हला, आणि फेतिसोव्ह व लारिओनोव्हने तो दोघांनी मिळून रिंकभर फिरवला. सहा दिवसांनी, १३ जूनला, खेळाडूंना घरी नेणारी लिमोझिन झाडावर आदळली. कोन्स्तांतिनोव्ह आणि संघाचे मालिशवाले सेर्गेई म्नात्साकानोव्ह कायमचे जायबंदी झाले, फेतिसोव्ह वाचला. आता १९९८ ची यादी बघा : कोन्स्तांतिनोव्हचं नाव तिथेही आहे. त्या हंगामात तो एक मिनिटही खेळला नव्हता. लीगने खास परवानगी दिली, आणि जिंकल्यावर आयझरमनने कप पहिल्यांदा चाकाच्या खुर्चीत बसलेल्या त्याच्याच मांडीवर ठेवला. या दोन याद्या शेजारी शेजारी वाचायला मिळणं, एवढ्यासाठीही तिकीट वसूल आहे.

२००२ ची नोंद वेगळ्या कारणासाठी. ८ जून, रॅली शहर, अंतिम मालिकेचा तिसरा सामना. बरोबरी सुटेना. तिसऱ्या जादा डावात, जादा वेळेची जवळजवळ ५५ मिनिटं संपत आलेली असताना गोल केला तो ४१ वर्षांच्या लारिओनोव्हने, त्याचा त्या सामन्यातला दुसरा. अंतिम मालिकेत गोल करणारा तो सर्वांत वयस्क खेळाडू ठरला. पुढे त्याने वाइनचा धंदा काढला तेव्हा एका वाइनचं नाव 'ट्रिपल ओव्हरटाइम' ठेवलं. प्रोफेसरला विनोदही कळतो.

उन्हाळ्यात जाणार असाल तर एक धोका आहे. १९९५ पासून विजेत्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला कप एक दिवस मिळतो. ऑगस्ट १९९७ मध्ये फेतिसोव्ह, लारिओनोव्ह आणि कोझलोव्ह यांनी तो मॉस्कोला नेला, रशियात पहिल्यांदाच. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये खरा कप बहुधा भटकत असतो आणि हॉलमध्ये त्याच्या जागी १९९३ मध्ये बनवलेली प्रतिकृती असते. यात फसवणूक नाही, विचारलंत तर सांगतात. पण न विचारता ओळखायचं असेल तर १९८३-८४ च्या एडमंटन ऑइलर्सची यादी शोधा. मालकाने हॉकीशी संबंध नसलेल्या आपल्या वडिलांचं, बॅसिल पॉकलिंग्टन यांचं नाव घुसवलं होतं. लीगने ते फुल्या मारून खोडायला लावलं. फुल्यांची रांग दिसली तर कप खरा. तिथे कोरी जागा असेल तर प्रतिकृती.

याच दालनाला लागून बँकेची जुनी तिजोरी आहे. जाड दारामागे लॉर्ड स्टॅन्लेने, म्हणजे हा चषक देणाऱ्या कॅनडाच्या तेव्हाच्या गव्हर्नर जनरलने, दहा गिनींना घेतलेला मूळ वाडगा आणि कपावरून काढलेले जुने पट्टे. पाचही पट्टे भरले की सर्वांत वरचा काढून इथे ठेवतात आणि खाली नवा बसवतात. याआधीची अशी अदलाबदल २०१८ मध्ये झाली. म्हणजे लारिओनोव्हची तिन्ही नावंही कधीतरी या तिजोरीत जमा होतील, पण घाई नको, अजून काही दशकं आहेत.

वैयक्तिक चषकांच्या कपाटांत लारिओनोव्ह सापडणार नाही. एनएचएलमध्ये ९२१ सामने, १६९ गोल, ४७५ असिस्ट (गोलला दिलेले पास), आणि एकही वैयक्तिक चषक नाही. पास देणाऱ्याच्या नशिबी हे येतंच. मात्र नवोदिताला देतात ती कॅल्डर ट्रॉफी जरूर बघा. १९९० च्या पाटीवर मकारोव्ह आहे. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं गळ्यात घालून आलेला, ३१ वर्षांचा नवोदित, ८६ गुण. पुढच्याच मोसमापासून नियम आला की कॅल्डरसाठी वय २६ च्या पुढे नको. १९९२ ला बुरे. व्हँकुव्हरला तो नवखा असताना त्याला सांभाळून घेणारा लारिओनोव्हच. सर्वांत मोलाच्या खेळाडूला देतात त्या हार्ट ट्रॉफीवर १९९४ ला फेदोरोव्ह.

मग खाली उतरून जागतिक हॉकीच्या विभागात या. देशोदेशीच्या जर्सी, ऑलिंपिक, विश्वचषक, आणि १९७२ च्या कॅनडा-सोव्हिएत मालिकेचा अपरिहार्य गजर. इथल्या वस्तू बदलत राहतात, त्यामुळे अमुक काठी किंवा तमुक स्केट बघायला मिळेलच असं धरून जाऊ नका. आंतरराष्ट्रीय महासंघाचा, आयआयएचएफचा, स्वतंत्र मानकरी-वर्ग आहे आणि त्याला जागा याच इमारतीत मिळाली आहे. पाहुण्यांच्या लक्षात न येणारा फरक असा की वरच्या ग्रेट हॉलमधली यादी वेगळी, ही वेगळी. 'हिरव्या संचा'तले तिघे दोन्हीकडे आहेत : फेतिसोव्ह, लारिओनोव्ह, मकारोव्ह. कसातोनोव्ह आणि क्रुतोव्ह फक्त या दुसऱ्या यादीत, २००९ आणि २०१०.

क्रुतोव्हचं नसणं खटकतं, आणि खटकायला हवं. १९८० च्या दशकात पाचांतला सर्वांत धोकादायक गोल करणारा म्हणून त्याचं नाव घेतलं जाई. व्हँकुव्हरला तो लारिओनोव्हबरोबरच आला, ६१ सामन्यांत ३४ गुण केले, वजन वाढलेलं, भाषा येत नाही, आणि एका हंगामात करार संपला. छावणीत दहा वर्षं प्रत्येक तास दुसऱ्याने आखून दिलेला. परदेशात पहिल्यांदाच फ्रीज स्वतःचा, दिवस स्वतःचा. लारिओनोव्ह इंग्रजी शिकून आला होता. दोघांच्या खेळात फार अंतर नव्हतं, एवढ्या एका तयारीत होतं. २०१२ मध्ये क्रुतोव्ह वारला. वरच्या दालनाची दारं त्याच्यासाठी उघडली नाहीत, कारण समितीच्या डोळ्यांसमोर त्याचे ते ६१ सामने येत असावेत. हॉल हॉकीचं आहे, एनएचएलचं नाही, हा दावा इथे लंगडतो.

बाकीचं झटपट. माँट्रियाल कॅनेडियन्सच्या ड्रेसिंग रूमची हुबेहूब उभारणी छान आहे, पाच मिनिटं पुरतात. पडद्यावरच्या गोलरक्षकाविरुद्ध नेम धरायचा आणि पडद्यावरच्या खेळाडूचे फटके अडवायचे खेळ मुलांना तासभर गुंतवतात; आठ ते चौदा वयासाठी उत्तम, म्हणून शेवटी ठेवा, नाहीतर मुलं वर यायला तयार होत नाहीत. दुकानात जर्सी महाग. डेट्रॉइटची लाल जर्सी ८ क्रमांकासह हवी असेल तर आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका, रॅकवर असतात ती आजच्या खेळाडूंची आणि टोरांटोच्या संघाची. पोटपूजा ब्रुकफील्ड प्लेसच्या खालच्या मजल्यावर. शाकाहारी माणसाला काहीबाही मिळतं, पण शनिवार-रविवारी तिथली बरीच दुकानं कार्यालयांबरोबर झोपतात, तेव्हा पिशवीत दशम्या असू द्या. वर काचेचं कमानदार छत आहे ते सांतियागो कालात्रावाचं, त्याला तिकीट नाही.

लहान मुलं नसतील तर वरच्या क्रमाने अडीच तास पुरे होतात. सीएन टॉवर राहिला असेल तर परत युनियन स्टेशनला येऊन बंदिस्त स्कायवॉकने पश्चिमेकडे चालत जा. वाटेत मेट्रो टोरांटो कन्व्हेन्शन सेंटर लागतं. १९८५ च्या जूनमधला एनएचएल ड्राफ्ट तिथे झाला होता. २१४ वं नाव लारिओनोव्हचं वाचलं गेलं ते तिथेच, आणि तिथून हॉलमधल्या काचेच्या फलकापर्यंत चालत पंधरा मिनिटं लागतात.